जर्मन डिझेल, वॉरंटी संपलेली: पावणेतीन लाखांच्या एस्टिमेटवर सही करण्याआधी

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: 2017 ची जर्मन डिझेल सेदान, दोन वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतलेली, 74 हजार किलोमीटर झालेली. रोजचा वापर पुण्यात, कोथरूड ते बाणेर. महिनाभर पार्टिक्युलेट फिल्टरचा दिवा लागून होता आणि परवा गाडी लिंप मोडमध्ये गेली, म्हणजे स्वतःला वाचवायला तिने ताकद कमी केली. अधिकृत सर्व्हिस सेंटरने तो फिल्टर, म्हणजे डीपीएफ, बदलायचं पावणेतीन लाखांचं एस्टिमेट हातात ठेवलं. घरातून 'विकून टाका ती ब्याद' असा आदेश आहे, आणि तुम्ही विचारताय, दुरुस्त करू की विकू?

दोन्ही करा, पण क्रमाने. फिल्टर लगेच बदलू नका, आधी नीट निदान करून घ्या. दुरुस्ती झाली की गाडी विका. गाडी वाईट आहे म्हणून विका असं म्हणत नाही मी. कोथरूड-बाणेर हे तिचं काम नाही, एवढंच.

डीपीएफ धुरातली काजळी अडवतो. तो भरत आला की इंजिन जादा डिझेल टाकून एक्झॉस्टचं तापमान सहाशे अंशांच्या आसपास नेतं आणि काजळी जाळून टाकतं. यालाच रीजनरेशन म्हणतात. त्यासाठी इंजिन पूर्ण तापलेलं हवं आणि गाडी पंधरा-वीस मिनिटं सलग पळायला हवी. तुम्ही चांदणी चौकापर्यंत रखडत जाता, बायपासला जरा मोकळं मिळतंय तोवर बाणेरच्या सर्व्हिस रोडची रांग लागते. रीजनरेशन सुरू होतं आणि अर्ध्यात तुटतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शिवाय त्यासाठी टाकलेलं जादा डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं आणि त्याची पातळी वाढते. वाढते, कमी होत नाही. या जातीच्या बऱ्याच गाड्यांत ऑइल बघायची दांडीच नसते, स्क्रीनवर जे दिसेल ते मुकाट मानायचं. पन्नास-साठ लाखांच्या गाडीत शंभर रुपयांची दांडी द्यायला यांच्या जिवावर का येतं हे मला आजवर कळलेलं नाही.

आता मुद्द्याचं. फिल्टरमध्ये दोन गोष्टी साठतात, काजळी आणि राख. काजळी जळते. राख ऑइलमधल्या ॲडिटिव्हची असते, ती जळत नाही. राखेने फिल्टर भरला तर तो काढून साफ करणं किंवा बदलणं याशिवाय इलाज नसतो. पण ती वेळ साधारणपणे दीड-दोन लाख किलोमीटरनंतर येते, योग्य ऑइल वापरलं असेल तर. 74 हजारांवर तुमचा फिल्टर राखेने भरला असेल हे मला पटत नाही. भरली असणार ती काजळी. मग ती जळत का नाही हे शोधायला हवं, आणि तुमच्या एस्टिमेटमध्ये नेमका हाच प्रश्न कोणी विचारलेला नाही. कारण न शोधता नवा फिल्टर बसवलात तर तोही वर्षा-दीड वर्षात याच अवस्थेला येईल.

पहिला संशय थर्मोस्टॅटवर, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट अडवून धरणाऱ्या झडपेवर. तो उघडा अडकला की इंजिन हव्या त्या तापमानाला पोचतच नाही. बऱ्याच डिझेल इंजिनांत कूलंट साधारण सत्तर-पंचाहत्तर अंशांच्या खाली असेल तर ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, रीजनरेशन सुरूच करत नाही. डॅशबोर्डवर काही कळणार नाही, कारण बऱ्याच गाड्यांत काटा मुद्दाम मधोमध थांबवलेला असतो, काही गाड्यांत तर काटाच नसतो. स्कॅनर लावून अर्धा तास चालवा आणि लाइव्ह डेटात कूलंटचा आकडा बघा. हायवेला तो सत्तरच्या आत घोटाळत असेल तर तुमचा चोर सापडला. थर्मोस्टॅटचा खर्च आणि फिल्टरचा खर्च यांची तुलनाच होऊ शकत नाही.

दुसरा संशय प्रेशर सेन्सरवर. फिल्टरच्या आधी आणि नंतर अशा दोन जागांवरून बारीक नळ्या निघून एका सेन्सरला जातात. दोन्हीकडच्या दाबातल्या फरकावरून फिल्टर किती तुंबलाय याचा अंदाज बांधला जातो. उष्णतेने या रबरी नळ्या कडक होतात, त्यांना भेगा पडतात, कधी सांध्यातून निसटतात. मग फिल्टर चांगला असूनही गाडी तो भरलाय म्हणते, किंवा भरलेला असून गप्प बसते. तपासायला सोपं आहे. इग्निशन ऑन करा, इंजिन सुरू करू नका, आणि स्कॅनरवर डिफरन्शियल प्रेशर वाचा. इंजिन बंद म्हणजे धूर नाही, धूर नाही म्हणजे दाबात फरक नाही, म्हणजे आकडा शून्य किंवा शून्याच्या अगदी जवळ हवा. तिथे वेगळंच काही दिसलं तर सेन्सर खोटं बोलतोय. त्यानंतर इंजिन चालू करून आयडलला बघा आणि मग अडीच-तीन हजार आरपीएमला. रेस केल्यावर आकडा वाढला पाहिजे. काहीच हलला नाही तर नळी निसटलेली किंवा फाटलेली आहे. दहा मिनिटांचं काम आहे हे.

पुढे ग्लो प्लग (थंड इंजिन सुरू होताना सिलिंडर तापवणारा), ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप), इंजेक्टर (डिझेल फवारणारा). काही गाड्या ग्लो प्लगचा एरर असला तरी रीजनरेशन अडवतात. इंजेक्टर गळत असेल तर खर्च खरोखर वाढेल, पण तोही टेस्टमध्ये दिसतो, अंदाजाने ठरवायचा नसतो. आणि या सगळ्याआधी बॅटरी तपासा. व्होल्टेज पडलं की या गाड्या एररचा पाऊस पाडतात, त्यातले निम्मे खोटे असतात.

सर्व्हिस सेंटर लबाड आहे असं मी म्हणत नाही. तिथे स्कॅनर लागतो, 'फिल्टर भरला' असा कोड येतो, फिल्टरचं एस्टिमेट निघतं. ॲडव्हायझरला दिवसाला इतक्या गाड्या उरकायच्या असतात की कारण शोधत बसायला त्याच्याकडे वेळ नसतो, आणि जॉब कार्डवर विचार करण्याचं लेबर लावता येत नाही. प्रीमियम गाडीच्या मनस्तापाचं मूळ माझ्या मते इथे आहे. पार्ट बिघडतात हे खरं, पण माणूस रडकुंडीला येतो तो 'हा बदलून बघू, नाही गेलं तर तो बदलू' या पद्धतीने. बघायचं त्यांनी, पैसे आपले.

माझ्याच एका गाडीचं सांगतो, कंपनीचं नाव राहू दे. पावसाळा लागला की तिला भूतबाधा व्हायची. आज पार्किंग सेन्सरचा एरर, उद्या टेललॅम्पचा, परवा सकाळी बॅटरी ठार. सर्व्हिस सेंटरने बॅटरी बदलली. आठवडा बरा गेला. मग एका मॉड्यूलचं एस्टिमेट आलं, तेही लाखाच्या घरातलं. ते न करता गाडी एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे नेली. त्याने स्कॅनरला हात लावला नाही. डाव्या बाजूचं कार्पेट उचललं आणि खालचा फोम दाबला. बोटांच्या मधून पाणी आलं. फोमखाली कनेक्टर होता, त्याच्या पिनांवर हिरवट बुरशीसारखा थर चढलेला. पाणी सनरूफमधून येत होतं. सनरूफच्या कोपऱ्यांतून पाण्याचा निचरा करणाऱ्या बारीक नळ्या असतात. गाडी गुलमोहराखाली उभी असायची आणि त्याच्या बारीक पाल्याने पुढची नळी गच्च भरली होती. त्याने गवत कापायच्या मशीनची नायलॉन तार घालून ती मोकळी केली. कॉम्प्रेसरची हवा मारायची नाही, असं बजावून सांगितलं, त्याने नळी आतल्या आत सांध्यातून सुटते आणि मग छतच उतरवावं लागतं. कनेक्टर साफ केला, फोम दोन दिवस उन्हात वाळवला, मॉड्यूल तेच राहिलं.

तुमच्या गाडीला सनरूफ असेल तर जूनच्या आत हे करून घ्या. ज्या बोनेटखाली उंदीर शिरत नाहीत असं वाटतं तिथेही एकदा बघा. पुण्यात वायरिंग कुरतडल्याची बिलं मी भल्याभल्या गाड्यांची पाहिली आहेत.

आता पैशांचं. तुम्ही गाडी मूळ किमतीच्या तिसऱ्या हिश्शात घेतलीत. पण सस्पेन्शनच्या लोअर आर्मला, हेडलॅम्पला, फिल्टरला ते ठाऊक नाही. गाडीची किंमत उतरते, पार्टची उतरत नाही. ही स्वस्ताई येते कुठून तेही बघा. दिल्ली-एनसीआरमध्ये दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना बंदी घालणारा हरित लवादाचा आदेश 2015 चा, सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये तो उचलून धरला. तेव्हापासून तिकडच्या आठ-नऊ वर्षांच्या देखण्या डिझेल गाड्या इकडे स्वस्तात येत राहिल्या. तुमची तिकडून आलेली असेल तर सर्व्हिस हिस्ट्री व्हीआयएनवरून, म्हणजे चॅसी नंबरवरून, नक्की काढा. मीटरवरचं 74 हजार खरं आहे का हेही त्यात दिसेल. खरं नसेल तर राखेबद्दल मी वर जे लिहिलंय त्याचा पुन्हा विचार करावा लागेल.

काही खर्च टळत नाहीत आणि ते टाळूही नयेत. इंजिन ऑइल गाडीची कंपनी म्हणते तसं 15 हजार किलोमीटरवर न बदलता तुमच्या वापरात 8-10 हजारांवर बदला, आणि कंपनीने सांगितलेल्याच मंजुरीचं घ्या, लो-ॲश, म्हणजे कमी राख सोडणारं. 'लाइफटाइम' गिअरबॉक्स ऑइल ही भानगड मानू नका. झेडएफचा आठ गिअरचा ऑटोमॅटिक बॉक्स बऱ्याच जर्मन आणि ब्रिटिश गाड्यांत आहे. गाडीवाले त्याचं ऑइल आयुष्यभर चालेल म्हणतात आणि बॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः 80 हजार ते 1 लाख 20 हजार किलोमीटर किंवा आठ वर्षांनी बदला म्हणते. मी बनवणाऱ्याचं ऐकतो. त्यातला ऑइल पॅन प्लॅस्टिकचा आणि फिल्टर त्यातच, त्यामुळे पॅनसकट बदलावं लागतं. कूलंटची प्लॅस्टिकची टाकी, पाइप आणि जोड आठ-दहा वर्षांत ठिसूळ होतात, कूलंटचा थेंब दिसला तर पुढच्या रविवारवर ढकलू नका. सस्पेन्शनचे बुश आणि आर्म पुण्याच्या रस्त्यांवर जाणारच.

यातले बरेच पार्ट गाडीच्या कंपनीच्या खोक्यात न घेता बनवणाऱ्याच्या खोक्यात घ्या. लेमफर्डर, मान, माहले, बॉश, सॅक्स ही नावं लक्षात ठेवा. लेमफर्डरच्या आर्मवर कधीकधी गाडीच्या कंपनीचा लोगो घासून काढलेली जागा चक्क दिसते. पार्ट तोच, खोकं वेगळं, किंमतही वेगळी. नाना पेठेत ओळखीचा दुकानदार असेल तर मागवून देतो, मात्र पार्ट नंबर तुम्ही द्यायचा, 'अमुक गाडीचा द्या' म्हणायचं नाही. फार स्वस्त मिळाला तर तो बनावट समजा.

कोणीतरी तुम्हाला डीपीएफ आतून पोकळ करून सॉफ्टवेअरमधून बंद करायला सांगेल, पंचवीस-तीस हजारांत. करू नका. बेकायदा आहे, धूर दुसऱ्यांच्या नाकात जातो, आणि विकताना जाणकार गिऱ्हाईक पहिल्यांदा तेच तपासतो. विम्यात इंजिन प्रोटेक्ट (इंजिनात पाणी शिरून झालेलं नुकसान भरून देणारी जोड) नसेल तर नूतनीकरणाला घ्या. साचलेल्या पाण्यात बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका, टो करून न्या. त्या एका सेल्फपायी क्लेम नाकारले गेले आहेत.

मग आता करायचं काय? ओळखीतला स्वतंत्र गॅरेजवाला शोधा, ज्याच्याकडे तुमच्या कंपनीच्या दर्जाचा स्कॅनर आहे आणि जो लाइव्ह डेटा वाचतो. त्याला सांगा, निदानाचे पैसे वेगळे देतो, पार्ट विकू नकोस. दोन-चार हजार मागितले तर आनंदाने द्या. बिघाडाचं मूळ कारण दुरुस्त झालं की गॅरेजमध्येच फोर्स्ड रीजनरेशन, म्हणजे स्कॅनरवरून मुद्दाम सुरू केलेलं, करून घ्या. लिंप मोडमधली गाडी हायवेला दामटून फिल्टर जळेल या आशेवर राहू नका, फार भरलेला फिल्टर असा तापला तर तडकतो. त्यानंतर लगेच ऑइल बदला, कारण त्यात डिझेल उतरलेलं आहे. विकेपर्यंत पंधरा दिवसांतून एकदा किवळ्यावरून एक्स्प्रेसवेला लागा, लोणावळ्यापर्यंत जा आणि या. वेगमर्यादेतच, फक्त एक गिअर खालचा ठेवून, आरपीएम दोन हजारांच्या वर राहील असं.

विकून काय घ्यायचं? तुमच्या वापराला पेट्रोल किंवा स्ट्राँग हायब्रिड (इंजिनासोबत विजेच्या मोटरवरही चालणारी). खंबाटकी चढताना ही गाडी जो आनंद देते तो त्यात मिळणार नाही, हे मलाही मान्य आहे. मीसुद्धा अजून असलीच एक बाळगून आहे. पण माझं जाणं दर आठवड्याला कोल्हापूरला असतं आणि गाडी दारात असली तरी स्टेशनला मी रिक्षाने जातो.

इग्निशन ऑन-इंजिन बंदचा प्रेशरचा आकडा, अर्ध्या तासानंतरचं कूलंटचं तापमान आणि ऑइलची पातळी, हे तीन आकडे मिळाले की इथेच लिहा. सोबत कोडचा फोटो टाका, नंबरप्लेट झाकून. तोवर एस्टिमेटवर सही करू नका.