वाचक विचारतात : जुन्या पिकअपला दुसरं इंजिन

प्रश्न : महिंद्राची जुनी पिकअप आहे, डीआय (साध्या यांत्रिक डिझेल पंपाच्या) इंजिनची. हंगामात आंब्याच्या पेट्या कोल्हापूरला जातात. इंजिन तेल खातंय, करूळचा घाट ओढत नाही. मिस्त्री म्हणतो, भंगारातलं कॉमन रेल (इलेक्ट्रॉनिक पद्धतीने डिझेल सोडणारं) इंजिन टाकू, ताकद वाढेल. टाकावं का? (देवगड)

नका टाकू. दोन्ही इंजिनं २५२३ सीसीची म्हणून मोह होतो, पण कॉमन रेल म्हणजे नुसता लोखंडाचा ठोकळा नव्हे. त्याच्यासोबत ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), सबंध वायरिंग, हाय प्रेशर पंप, रेल, इंजेक्टर, क्रँक आणि कॅम सेन्सर, ॲक्सिलरेटरचं सेन्सरवालं पेडल असा सगळा बाडबिस्तरा यावा लागतो. भंगारात इंजिन उतरवताना वायरिंग बहुधा कापूनच टाकतात. मग जोडाजोडी होते, आणि पहिल्या पावसाळ्यात खाऱ्या दमट हवेने जोड हिरवे पडले की गाडी कुठेही बंद पडते. तुमच्याच मॉडेलचं डीआय इंजिन शोधा. क्लचचं हाउसिंग, फाउंडेशन (इंजिन चासीवर बसतं ते आधार), सायलेन्सरचा पाइप जागच्या जागी बसतो.

इंजिन सुरू करून दाखवणाऱ्याकडूनच घ्या, आणि थंड असताना जा. आधीच तापवून ठेवलं असेल तर काहीतरी लपवायचंय. गरम झाल्यावर तेल भरायचं झाकण उघडा. थोडी वाफ चालते. भकाभका धूर आला तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे सिलिंडरमधला दाब खाली निसटतोय, पिस्टनच्या रिंगा गेल्या. कॉम्प्रेशन गेज लावून चारही सिलिंडर मोजा. आकड्यापेक्षा फरक बघा. तीन सिलिंडर ३८०च्या आसपास आणि चौथा ३०० पीएसआय दाखवत असेल तर ते इंजिन तिथेच राहू द्या. क्रँकची पुली मागेपुढे ढकलून पाहा, खटखट जाणवली तर थ्रस्ट वॉशर झिजलेत. टर्बोचा शाफ्ट बाजूला किंचित हलतो, ते ठीक. पुढे-मागे हलता कामा नये.

रेडिएटरचं पाणी तांबूस असेल तर आणखी सावध व्हा. आपल्याकडे खाडीकाठच्या विहिरीचं मचूळ पाणी सर्रास भरतात. त्याने ब्लॉकचे वॉटर प्लग आतून कुजतात. पातळ पत्र्याच्या या वाट्या इंजिन बाहेर असतानाच सगळ्या बदला, फ्लायव्हीलमागची आधी. ती नंतर गळली तर एवढ्याशा वाटीसाठी अख्खा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. त्याच वेळी मागचं क्रँक सील, क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग, वॉटर पंप, थर्मोस्टॅट आणि सगळे होज नवे घाला. कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्ये निम्मेनिम.

प्रश्न : दुसऱ्या मॉडेलचं इंजिन स्वस्तात मिळतंय. माझ्या गिअरबॉक्सला बसेल का, हे आधी कसं कळेल? (चिपळूण)

चार मापं घ्या. गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचे दाते मोजा आणि क्लच प्लेट हातात घेऊन शाफ्टवर सरकवून बघा. शाफ्टच्या टोकाचा व्यास आणि पायलट बेअरिंगचं भोक जुळायला हवं. हाउसिंगच्या तोंडापासून फ्लायव्हीलपर्यंतची खोली दोन्ही इंजिनांवर मोजा. आणि डॉवेल पिना, म्हणजे गिअरबॉक्स इंजिनावर नेमका सरळ बसवणाऱ्या पिना. या दोन पिना हरवल्या की नुसत्या बोल्टवर गिअरबॉक्स बसवतात. तो केसभर वाकडा बसतो आणि क्लच प्लेटचं हब तडकतं. मग दोष प्लेटच्या कंपनीला.

डिफरन्शियलचा रेशो, म्हणजे मागची चाकं एक फेरा घेतात तेव्हा प्रॉपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागे जाणारा दांडा) किती फिरतो, हे जागेवरच काढता येतं. पुढची चाकं दगड लावून अडवा, गाडी न्यूट्रलला ठेवून मागचं एकच चाक उचला, ते बरोबर दोन फेरे फिरवा आणि प्रॉपेलर शाफ्टचे फेरे मोजा. चारच्या थोडे वर भरले तर रेशो ४.१च्या जवळपास. २१५/७५ आर १५ टायरचा घेर साधारण २.२१ मीटर, म्हणजे ताशी ६० किलोमीटरला चाक मिनिटाला ४५२ फेरे घेतं. ४.१ने गुणलं की डायरेक्ट (१:१) गिअरमध्ये इंजिन सुमारे १८५० आरपीएमवर. नव्या इंजिनाचा जोर याच पट्ट्यात नसेल तर घाटात सतत गिअर पाडावा लागेल.

प्रश्न : इंजिन बदलल्यापासून ब्रेक दगडासारखा लागतो. बूस्टर नवा टाकला, फरक नाही. (गुहागर)

बूस्टर बिचारा निर्दोष असावा. ब्रेकला जोर देणारा हा डबा व्हॅक्यूमवर चालतो. डिझेल इंजिनाला मॅनिफोल्डमध्ये कामापुरता व्हॅक्यूम नसतो, त्यासाठी वेगळा पंप लागतो. बऱ्याच गाड्यांत तो अल्टरनेटरच्या शेपटीलाच असतो. इंजिन आणताना साधा अल्टरनेटर लावला गेला, किंवा पंपाची तेलाची नळी जोडायची राहिली, तर ब्रेक कडक होतो. तेलाशिवाय फिरलेल्या पंपाच्या पात्या झिजतात. तेल जाणारी बारीक नळी आणि चेंबरकडे (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीकडे) परतणारी जाड नळी, दोन्ही तपासा. बूस्टरचा होज काढून अंगठा लावा: इंजिन चालू असताना अंगठा जोरात ओढला जायला हवा. तोवर घाटात माल घेऊन उतरू नका.

प्रश्न : बंदरावरून मासळी नेतो. नवं इंजिन बसवलं, पण स्टार्टर मलूल फिरतो आणि ॲक्सिलरेटरची केबल गरम होते. (हर्णै)

इंजिन ते चासी ही अर्थची पट्टी राहिलीय किंवा गंजलीय. स्टार्टरचा करंट परतायला वाट शोधतो आणि केबलमधून जातो. काही दिवसांनी केबल आतल्या आत चिकटते. मल्टीमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी ब्लॉकच्या उघड्या धातूला धरून स्टार्टर मारा. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर पट्टी बदला. जागा घासून चकाकती करा, कल्हई केलेल्या तांब्याची पट्टी लावा, वर ग्रीस. मासळीच्या खोक्यांचं खारं पाणी हौद्यातून नेमकं चासीवर गळतं, तेव्हा फाउंडेशनच्या ब्रॅकेटवर हातोडी मारून बघा. खणखणीत आवाजाऐवजी बद्द आला तर तिथे पत्रा उरलेला नाही.

प्रश्न : कागदपत्रांचं काय? (कुडाळ)

इंजिन नंबर आरसीवर असतो. म्हणून इंजिन उतरवण्याआधी आरटीओची मंजुरी, आणि बसवल्यावर नव्या नंबरची नोंद. ज्या गाडीतून इंजिन आलं तिचे कागद आणि पक्कं बिल घ्या. बिल नाही तर स्वस्तातलं इंजिनही नको. परवानगीशिवाय फेरफार केल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-अ खाली प्रत्येक फेरफाराला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीचं पासिंग दरवर्षी असतं, नंबर तिथे तपासला जातोच. विमा कंपनीलाही लेखी कळवा.