लोंबणारा ढग दिसला की आधी फिरतोय का बघ
ओक्लाहोमात पहिल्यांदाच चेसिंगला, म्हणजे टॉर्नेडोच्या वादळांमागे, निघालायस म्हणून सांगतो, लोंबणारा प्रत्येक काळा ढग वॉल क्लाउड, म्हणजे वादळाच्या तळातून खाली उतरलेला, टॉर्नेडो देऊ शकणारा तुकडा, नसतो रे. सुपरसेलच्या, म्हणजे आतून फिरणाऱ्या मोठ्या गडगडाटी वादळाच्या, मागच्या बाजूला, बहुतेकदा नैऋत्येला, पाऊस नसलेल्या सपाट तळाखाली शोध आणि मोबाइल खिशात टाकून जरा वेळ नुसता बघत बस, अख्खा तुकडा गोल फिरतोय का ते. नुसतेच फाटके ढग असतील तर सोड. फिरणं टिकलं, वेग वाढला, शेजारी ढगात उजळ खाच पडली की सावध, आणि खाली जमिनीवर धूळ गरगरायला लागली तर फनेल, म्हणजे ढगातून उतरणारी सोंड, जमिनीला टेकायची वाट बघूच नकोस, टॉर्नेडो आलाय. पावसात गुंडाळलेला तर दिसतही नाही, २०१३ ला ओक्लाहोमातल्याच एल रेनोत टिम समारासांसारखा मुरलेला टॉर्नेडो संशोधक गेला. शक्यतो वादळाच्या आग्नेयेला थांब, गाडीचं तोंड पळायच्या रस्त्याकडे.