मिनिमम वेजला रुपयाने गुणू नकोस

तू विचारलंस की न्यू जर्सीत मिनिमम वेज ताशी पंधरा डॉलरच्या वर आहे, मला ऑफर आहेच, बायकोला काहीही छोटं काम मिळालं तरी महिन्याला सव्वादोन लाख येतील, मग सिंहगड रोडच्या फ्लॅटचं लोन दोन वर्षांत फिटेल का. आणि खाली अजून एक विचारलंयस, आपल्यासारखे बाहेरून जातात म्हणून तिथले पगार पडतात असं म्हणतात ते खरं का. पहिल्याचं उत्तर सोपं आहे. दुसऱ्याने माझी झोप उडवली, तसाही जेट लॅग आहे, कोथरूडला आईकडे आलोय आणि पहाटेचे तीन वाजलेत.

व्हिसाची फी, लॉटरी वगैरे लिहीत नाही, ते सगळं सरकारी साइटवर आहे.

२०२५ मध्ये तिथला मिनिमम वेज १५.४९ डॉलर. आठवड्याला चाळीस तास धरले तर महिन्याला साधारण २६८५, तेही टॅक्स कापायच्या आधी. आमच्या भागात त्यातले निम्म्याहून जास्त वन बेडरूमच्या भाड्यात जातात आणि मुलगी डेकेअरला टाकलीस तर उरलेले तिकडे. मुळात एच-फोरवर, म्हणजे एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर गेलेल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, बायकोला कामच करता येत नाही, तुझी आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डसाठी कंपनी करते ती अर्जी, मंजूर होईपर्यंत तरी. ती सवलतसुद्धा २०१५ च्या मे महिन्यात आली. माझी बायको इथे कॉलेजात शिकवायची, तिकडे सहा वर्षं घरी होती. तुझ्या बायकोला हे आत्ताच सांग, तिकडे पोचल्यावर नको.

आता दुसरं, पण आधी मिनिमम वेजचीच एक गोष्ट. न्यू जर्सीने १९९२ च्या एप्रिलमध्ये मिनिमम वेज ४.२५ वरून ५.०५ केला, शेजारच्या पेनसिल्व्हेनियाने नाही केला. डेव्हिड कार्ड आणि अ‍ॅलन क्रूगर या अर्थशास्त्रज्ञांनी दोन्हीकडची चारशेच्या वर फास्ट फूडची दुकानं तपासली, तर न्यू जर्सीत नोकऱ्या कमी झाल्याचं काही दिसलं नाही. पेनसिल्व्हेनिया २०२५ मध्येही फेडरलच्या, म्हणजे तिथल्या केंद्र सरकारच्या, ७.२५ वर होतं, २००९ पासूनचा आकडा, मधे फक्त एक नदी. याच कार्डनी मायामीचा अभ्यास केला होता, १९८० मध्ये क्युबातून सव्वा लाख माणसं आली, शहरातले कामगार सात टक्क्यांनी वाढले, तरी आधीच्या कामगारांचे पगार पडलेले त्यांना दिसले नाहीत. नंतर जॉर्ज बोर्हास या दुसऱ्या अर्थशास्त्रज्ञांनी फक्त शाळा अर्धवट सोडलेल्यांचे आकडे काढले आणि म्हणाले की त्यांचे पडले. त्यावरून अजून भांडण चालूच आहे. कार्डना २०२१ मध्ये नोबेल मिळालं.

मला स्वतःला जे दिसलं ते वेगळंच आहे. आमच्या गावातल्या एका किराणा दुकानात एक मुलगा होता, स्टुडंट व्हिसावर आलेला, आपल्याकडचाच. २०२० ची गोष्ट, मिनिमम वेज ११ होता, त्याला ७ मिळायचे, रोख, पाकिटात. थंडीत मागच्या दाराने कांद्याची पोती उतरवायचा, हातमोजे नसायचे, बोटांच्या पेरांना भेगा पडलेल्या. मी म्हटलं अरे कायदा सगळ्यांना लागू आहे, कागद असोत नसोत, तक्रार कर. तो म्हणाला, दादा, तक्रार केली तर दुकान राहील, मी जाईन. मी कोथिंबीर घेतली आणि घरी आलो. त्याच दुकानातून अजून घेतो, स्वस्त पडतं म्हणून.

पगार पडतो तो बाहेरचा माणूस आला म्हणून नाही, त्याला नोकरी सोडता येत नाही म्हणून पडतो, असं मला तिकडे सतरा वर्षं काढल्यावर वाटतं. एच-वन-बीवर तुझी नोकरी गेली की जास्तीत जास्त ६० दिवस, तेवढ्यात दुसरी कंपनी शोध नाहीतर निघ. पोरगी शाळेत, घराचं अ‍ॅग्रीमेंट चालू. मग कोण जाईल मॅनेजरकडे पगार वाढवा म्हणून? त्यात प्रिव्हेलिंग वेजच्या, म्हणजे त्या भागात त्या कामाला निदान एवढं द्या असं सरकार ठरवतं त्या पगाराच्या, चार लेव्हल असतात, खालच्या दोन त्या भागातल्या मधल्या पगाराच्या खाली, आणि मला नऊ वर्षांच्या अनुभवानंतर लेव्हल वनवर नेलं होतं. मी सही केली. माझ्या शेजारच्या डेस्कवरच्या गोऱ्या माणसाचा पगार त्यामुळे अडला असणार, हे मला तेव्हा कळतसुद्धा नव्हतं.

आउटसोर्सिंगचं तर मी दोन्हीकडून पाहिलंय. २००४ ला मगरपट्ट्यात नाइट शिफ्ट करायचो, सुमो रात्री आठला वारज्यातून उचलायची, तिकडून आलेल्या कामावर आमचं घर चाललं, बहिणीचं लग्न झालं. आणि २०२१ मध्ये आमच्या टीमचं काम पुण्याला पाठवायचं ठरलं तेव्हा केटी (नॉलेज ट्रान्सफर, जाणाऱ्या माणसाकडून काम समजून घेणं) घ्यायला मलाच बसवलं, कारण मी दोन्ही भाषा बोलतो. ज्या बाईंचं काम जाणार होतं त्या छप्पन्न वर्षांच्या, घरून शिकवायच्या, एकही गोष्ट लपवली नाही. रेकॉर्डिंगमध्ये मागे त्यांचा कुत्रा भुंकतो. पुण्यातली पोरं अजून तीच रेकॉर्डिंग लावून काम शिकतात. त्या बाईंना नंतर मी एक मेलसुद्धा केला नाही.

आपल्याकडे तरी काय वेगळं आहे. वारज्याच्या पुलापाशी सकाळी मजूर उभे असतात, बाहेरच्यांनी रेट पाडला म्हणून सोसायटीत सगळे बोलतात आणि टेरेसचं काम काढलं की त्यातला सगळ्यात कमी सांगणारा घेऊन येतात. किमान वेतनाचा कायदा आपल्याकडे १९४८ मध्येच आला.

कागदांचं एकच सांगतो. तुझा स्वतःचा जन्मदाखला काढून बघ. माझ्यावर नावच नव्हतं, नुसतं 'मुलगा'. ग्रीन कार्डच्या वेळी कळलं, मग आई सत्तरीत एका कचेरीच्या तीन खिडक्यांवर अकरा वेळा गेली, दर वेळी नवीन साहेब आणि नवीन अर्ज. शेवटी मामा आणि आत्याचं अ‍ॅफिडेव्हिट जोडलं. हे निघायच्या आधी कर.

आणि मुलीच्या शाळेत एक फॉर्म देतात, घरी कुठली भाषा बोलता. आम्ही मराठी लिहिलं. आमचा मुलगा इंग्लिश चांगलं बोलायचा, तरी त्याला वर्षभर सायन्सच्या तासाला उठवून इंग्लिश शिकायला दुसऱ्या खोलीत न्यायचे, तो विचारायचा मी ढ आहे का. धाकटीच्या वेळी मी इंग्लिश लिहिलं. तिला आता आजीशी बोलताना मधे मी लागतो, काल रात्रीसुद्धा जेवताना तेच झालं. तू काय लिहावंस ते मला सांगता येत नाही.

एकटं वाटतं का विचारलंस. वाटतं, पहिली दोन वर्षं जास्त, मग मंडळ आणि गणपती असतात.

ऑफर लेटर नीट वाच. मुदतीआधी सोडलं तर पैसे भरा असं काही लिहिलंय का, वेज लेव्हल कुठली आणि आय-१४० कधी सुरू करणार, एवढं त्यांच्याकडून लेखी घे. मी २० तारखेपर्यंत पुण्यात आहे, कागद घेऊन घरी ये, बायकोलाही आण.