टेक्सटाइल डिझायनर प्रवासात पाहिलेली कारागिरी घराच्या सजावटीत कशी उतरवतात? फोटोंवरून डिझाईन करतात का?

फोटो मीही भरपूर काढते, पण फोटोवरून थेट पडदा झालाय असं माझ्या कामात एकदाही घडलेलं नाही. पुण्यात टेक्सटाइल आणि इंटिरिअर दोन्ही करते. मध्य प्रदेशातल्या, नर्मदेकाठच्या महेश्वरचंच सांगते, जिथल्या महेश्वरी साड्या प्रसिद्ध आहेत.

पहिल्यांदा गेले तेव्हा घाटावरच्या दगडी कोरीव कामावरून एक मोठ्ठं फूल वहीत उतरवून विणकराकडे नेलं. त्यांनी चित्र बघितलं आणि मागाच्या वरच्या बाजूला बोट दाखवलं. तिथे डॉबी होती. लाकडी पट्ट्यांची माळ, पट्ट्यांना भोकं, भोकांत इवल्या खुंट्या. पायाखालची पावडी दाबली की एक पट्टी पुढे सरकते आणि खुंटी असेल तेवढेच ताण्याचे, म्हणजे उभे, धागे उचलले जातात. "मॅडम, इसमें ईंट आएगी, चटाई आएगी. इतना बड़ा फूल नहीं आएगा." वही मिटली.

महेश्वरी काठांवरची वीट, चटई, लहर ही नक्षी अहिल्याबाईंच्या किल्ल्याच्या भिंतींवरून आणि नर्मदेच्या पाण्यावरून आली, असं तिथे जो तो सांगतो. असेलही. पण भिंतीवर इतरही बरंच काही कोरलंय. त्यातलं मागाला झेपलं तेच काठावर टिकलं. मला हीच गोष्ट जास्त आवडते. तेव्हापासून कुठेही गेले की आधी विचारते, यात काय होत नाही?

दुसरी अडचण पन्ह्याची. साडीच्या मागावरचं कापड ४८ इंचांच्या आसपास रुंद असतं. सहा फुटी खिडकीला चुण्यांसाठी दुप्पट कापड धरलं तर १४४ इंच लागतात, म्हणजे कापडाचे तीन तुकडे शेजारी-शेजारी जोडावे लागतात. जोड लपवायचा कसा यावर मी बरीच डोकेफोड केली. मग लक्षात आलं, महेश्वरीच्या काठाला, म्हणजे बुगडीला, उलट-सुलट बाजू नसते. जोड काठावरच घेतला. घरातून पाहा नाहीतर रस्त्यावरून, पट्टी सारखीच दिसते.

फसलेही आहे. ताणा रेशमाचा आणि बाणा (आडवे धागे) सुताचा असलेले पडदे एका पश्चिमेच्या खिडकीला अस्तराशिवाय लावले, का तर उन्हात ते फार सुंदर दिसत होते. दोन उन्हाळ्यांत चुण्यांवर कापड विरलं. रेशमाला ऊन सोसत नाही हे पुस्तकात वाचलेलं होतं, तरी. दुसरे पडदे पदरच्या पैशांनी करून दिले.

कच्छच्या अजरखपूरचं थोडक्यात: २००१च्या भूकंपानंतर धमडका गावच्या खत्री छपाईवाल्यांनी वसवलेलं हे गाव. अजरख म्हणजे लाकडी ठशांनी छापलेलं कापड. अजरखचा काळा रंग गंजलेलं लोखंड आणि गूळ आंबवून करतात, निळा असतो निळीचा. ही नीळ सुरुवातीला घासली की सुटते. पांढऱ्या सोफ्यावर अजरखच्या उशा टाकायच्या असतील तर आधी दोन-तीनदा धुऊन घ्या, नाहीतर सोफ्यालाही अजरख होईल.

त्या विरलेल्या पडद्यांच्या बुगड्या मात्र कापून ठेवल्या होत्या. त्यातली एक माझ्या जेवणाच्या टेबलावरच्या कापडाला लावली आहे. हे लिहिताना कोपराखाली तीच आहे.