बायकोच्या लहानपणीचे फिलिपिनो विनोदी कार्यक्रम खरंच चांगले होते, की हा नुसता आठवणींचा मोह?

तुमची बायको फिलिपिनो आहे, ती यूट्यूबवर जुने टागालोग (तिथली भाषा) विनोदी कार्यक्रम लावून पोट धरधरून हसते, तुम्हाला त्यात आरडाओरडा आणि थपडा यापलीकडे काही दिसत नाही. म्हणून विचारलंय की हे खरंच चांगलं होतं का, आणि बघायचंच ठरवलं तर सुरुवात कुठून करावी. चांगलं होतं. फारच चांगलं होतं. आधीच्या दोघातिघांनी 'ज्याला त्याला आपलं लहानपण गोड' असं लिहून विषय संपवलाय, ते वाचून राहवलं नाही.

मी मराठी, पण वाढले लॉस बान्योसला. वडील कर्जतच्या भात संशोधन केंद्रातून तिथल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत, म्हणजे इरीत गेले तेव्हा मी अजून शाळेतही जात नव्हते. मनिलाच्या दक्षिणेला, माकिलिंग डोंगराच्या पायथ्याचं गाव. आईवडील घरात मराठीच बोलायचे. आम्हाला सांभाळायला एक मुलगी होती, तिला आम्ही सगळ्या देशासारखं 'आते' म्हणायचो, म्हणजे टागालोगमध्ये ताई. माझी टागालोग निम्मी तिच्याकडून आलीय, निम्मी टीव्हीवरून.

आम्ही गेलो तेव्हा 'जॉन एन मार्शा' शेवटच्या वर्षांत होतं. 1973 ला सुरू झालेला कार्यक्रम 1990 पर्यंत चालला. सतरा वर्षं लोक एका कुटुंबाला घरात घेतात ते काय मोहापायी? गोष्ट एवढीशीच. मार्शा श्रीमंताघरची, तिने गरीब जॉन पुरुंतोंगशी लग्न केलंय आणि ती त्याच्या झोपडीवजा घरात आनंदाने राहते. तिची आई दोन्या डेलिला नटूनथटून येते, जावयाला घालूनपाडून बोलते आणि जाता जाता बजावते, 'काया इकाव, जॉन, मागसुमिकाप का!' म्हणजे, म्हणून सांगते जॉन, जरा हातपाय हलव! माझ्या आईला टागालोगचं अक्षर कळत नव्हतं, पण दोन्या डेलिला दारात उभी राहिली की तिला सगळं कळायचं. ती हातातली पोळी तव्यावर तशीच टाकून बाहेर यायची. एकदा तिने वडिलांना तो संवाद टागालोगमध्येच ऐकवला, तेव्हा वडील जेवता जेवता उठून गेले, इतकं हसू आलं त्यांना.

जॉनचं काम करायचा डॉल्फी. रोडोल्फो किझोन हे खरं नाव, 1928 चा जन्म, मनिलाच्या तोंडो भागातला. पोरवयात थिएटरात शेंगदाणे आणि कलिंगडाच्या बिया विकायचा, म्हणजे फुकटात खेळ बघायला मिळायचे. जपानी अंमलात रंगमंचावर आला तो 2012 मध्ये जाईपर्यंत लोकांच्या मनातून उतरला नाही. त्याला निवडणुकीला उभा राहा म्हणून गळ घातली, तर म्हणाला, उभं राहणं सोपं आहे हो, पण निवडून आलो तर? त्या देशात हे वाक्य फार मोठं आहे. 'इस्कुल बुकोल' या विनोदी मालिकेतला टिटो सोटो पुढे सिनेटचा अध्यक्ष झाला, 'पालिभासा लालाके'मधला जोई मार्केझ पारान्याकेचा महापौर झाला, रिचर्ड गोमेझ ओर्मोकचा. मला विचाराल तर हसवणाऱ्याला मत देणं ही त्या लोकांची मोठी चूक आहे. डॉल्फीला मोह झाला नाही म्हणून तो मला बाकी सगळ्यांच्या वर वाटतो.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. 1992 च्या शेवटी 'होम अलाँग दा रिलेस' सुरू झालं. त्यात डॉल्फी झाला केव्हिन कोस्मे, बायको गेलेली, पदरी पोरं, आणि घर रेल्वेच्या रुळाला चिकटून. दर भागात गाडी जाते, घर थरथरतं आणि सगळे हाताला येईल ते धरून ठेवतात. माझा दादा माझ्याहून बराच मोठा. त्याचं तेव्हापासून आजपर्यंत एकच म्हणणं, गरिबाच्या घरावरून गाडी नेऊन पैसेवाल्यांना हसवायचा हा धंदा आहे. तो आता न्यू जर्सीत असतो. दर गणपतीला व्हिडिओ कॉलवर हा विषय निघतो आणि दर वेळी तो हेच वाक्य टाकतो.

दादा कधी आतेच्या घरी आला नाही. मी गेले होते.

आतेचं घर बिन्यानला, खरोखरच रुळाला लागून होतं. सुट्टीत ती मला दोन दिवस घेऊन गेली. प्लायवूडच्या भिंती, वर पत्रा, दारातून चार पावलं टाकली की खडी. तिचे वडील रुळावर ट्रॉली ढकलायचे. ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगते, लाकडी फळ्यांचा पाट, खाली छोटी लोखंडी चाकं, वर पाचसहा माणसं बसतात आणि मागून एकजण पायाने रेटा देत पळतो. गाडीची शिट्टी ऐकू आली की सगळे उतरतात, ट्रॉली उचलून बाजूला ठेवतात, गाडी गेली की पुन्हा रुळावर. हे बेकायदा होतं आणि सगळ्यांना चालायचं.

संध्याकाळी शेजारचेही आत आले. शिलाई मशीनवर छोटा कृष्णधवल टीव्ही, टीव्हीवर सांतो निन्योची मूर्ती, लाल मखमली झग्यातला बाळ येशू. त्या दिवसांत वीज तासन्‌तास जायची, त्यामुळे वीज आहे हाच निम्मा सण. पान्सितचं, म्हणजे तिथल्या नूडल्सचं ताट फिरत होतं. कार्यक्रम सुरू झाला, आणि मध्येच खरी गाडी आली. कुणी 'आली' म्हटलंही नाही. आजीचा, म्हणजे लोलाचा, हात टीव्हीकडे न बघता सांतो निन्योवर गेला. आतेच्या भावाने अँटेना धरली, आतेने भातावरचं झाकण दाबलं, शेजारीण बोलत होती ती बोलतच राहिली, फक्त मोठ्याने. माझ्या पुढ्यातला पेला कुणीतरी उचलून माझ्या हातात दिला. पडद्यावर मुंग्या आल्या, चित्र गेलं. गाडी गेली, चित्र परत आलं, तोवर पडद्यावरचे लोक कशावर तरी हसून मोकळे झाले होते. लगेच आतेच्या वडिलांनी मधला विनोद काय असेल ते स्वतःच्या मनाने करून दाखवला आणि घर त्यालाच हसलं.

थोड्या वेळाने टीव्हीतली गाडी आली. केव्हिन कोस्मेचं घर हलायला लागलं. आणि आमच्या खोलीत सल्ल्यांचा पाऊस! अरे ते कपाट सोड, आधी दिवा धर! हा पोरगा नुसता उभा राहिलाय, ह्याला काय काम नाही का! लोलाचं ठाम मत पडलं की टीव्हीवाले खिडकी धरायला विसरतात, खिडकी आधी निखळते. त्या खोलीत कुणालाही कुणी हसत नव्हतं. ती सगळी त्या विषयातली जाणकार मंडळी होती, आणि पहिल्यांदाच कुणीतरी त्यांचा विषय टीव्हीवर घेतला होता. एरवी टीव्हीवर मोठे जिने, पांढरे सोफे आणि इंग्रजी झाडणाऱ्या बायका. रुळाकाठचं घर बातम्यांत यायचं ते पाडायला माणसं आली तरच.

म्हणून दादाचं म्हणणं मला कधीच मान्य होणार नाही. कोण कुणाला हसतंय हे त्याने आमच्या इरीच्या वसाहतीतल्या रंगीत टीव्हीपुढे बसून ठरवलं. डॉल्फीचा जॉन काय, केव्हिन काय, गरीब आहे म्हणून कधी हसू येत नाही. श्रीमंत सासू, घरमालक, साहेब त्याला वाकवायला येतात, तो वाकत नाही आणि बावळटासारखा चेहरा करून एक असं उत्तर देतो की समोरच्याचा फुगा फुटतो. हसू तिथे येतं. तेही 1973 साली. हुकूमशहा मार्कोसने लष्करी कायदा लावून एक वर्ष झालं होतं, एबीएस-सीबीएनसारखी मोठी वाहिनी बंद पाडली होती, मोठ्या माणसाला उघडपणे काही बोलायची सोय नव्हती. अशा वेळी घराघरांत एक श्रीमंत बाई दर आठवड्याला एका गरीब माणसाकडून हरत होती. 1986 मध्ये मार्कोस पळाला आणि वर्षभरात बातम्यांची थेट टर उडवणारा 'सिक ओक्लॉक न्यूज' आला. लोकांना हसायची सवय होती, नेम धरायचीही होती, म्हणून ते जमलं.

हे सगळं अमेरिकेची नक्कल, हा दादाचा दुसरा मुद्दा. 'ओके का फेअरी को' ही मालिका अमेरिकन मालिकेवरून सुचली असेलही. साधा माणूस एन्तेंग, बायको परी, सासू पऱ्यांची राणी. पण एन्तेंगची खरी अडचण काय असायची? सासू घरी आली की हिला बसवू कुठे आणि वाढू काय! ही अडचण अमेरिकेतून आणावी लागत नाही. विक सोटोने ते काम दहा वर्षं केलं, तेवढ्यात परी झालेल्या नट्या बदलल्या, वाहिन्या बदलल्या, लोकांनी चालवून घेतलं.

दादाचा तिसरा मुद्दा मात्र खरा आहे, आणि तुम्ही भारतीय नवरा आहात म्हणून तो तुम्हाला सांगायलाच हवा. तिथे भारतीय माणसाला 'बुम्बाय' म्हणतात. मोटरसायकलवरून गल्लोगल्ली फिरणारा, पाच देऊन सहा वसूल करणारा सावकार, बहुतेक पंजाबी. आया पोरांना भीती घालतात, जेवला नाहीस तर बुम्बाय पोत्यात घालून नेईल. विनोदी कार्यक्रमांत तो फेटा बांधून यायचा, वेडंवाकडं बोलायचा, लोक टेबलाखाली लपायचे. दुसऱ्या दिवशी शाळेत पोरं दादाला विचारायची, आज वसुली किती? तो तेरा-चौदा वर्षांचा होता, मला कुणी असं विचारलं नाही. त्याने टीव्ही बघणं सोडलं ते तेव्हा. आतेला हे टोचतं याचा पत्ताही नव्हता. मी सांगितल्यावर तसं पात्र आलं की ती उठून वाहिनी बदलायची, स्वतःची आवडती गोष्ट अर्धी सोडून. तेव्हा दादा, तू वाचत असशील तर, तुझा राग खरा आहे आणि तो बुम्बायवर काढ. केव्हिन कोस्मेने तुझं काही वाकडं केलेलं नाही.

आणखी काही गोष्टी आज बघताना खटकतील. दिसण्यावरून विनोद फार. बाबालू आणि रेने रेकिएस्तास हे विनोदी नट, एकाची लांब हनुवटी आणि दुसऱ्याचे पडलेले दात यांवर भागच्या भाग काढलेत. बायकांच्या अंगावरून, बायकी पुरुषांवरून होणारे विनोदही आहेत, आणि ते तेव्हाही वाईटच होते. मालिका लांबल्या की पातळ झाल्या, 'होम अलाँग'ही 2003 पर्यंत ओढली, शेवटची वर्षं सोडून दिलीत तरी चालेल.

तर सुरुवात. एबीएस-सीबीएनचं 'जीपनी टीव्ही' नावाचं यूट्यूब चॅनेल आहे, तिथे 'होम अलाँग दा रिलेस' बघा, पहिल्या वर्षांतलं. 'जॉन एन मार्शा'चे जे तुकडे सापडतील ते नंतर, कारण ते नाटकासारखं आहे, संवादांवर चालतं, भाषा थोडी कानात बसावी लागते. 'बबल गँग' 1995 पासूनचं, छोटे छोटे प्रसंग असतात, मायकल व्ही. जबरदस्त आहे, पण निम्मे विनोद त्या त्या काळच्या जाहिरातींवर आणि पुढाऱ्यांवर, ते बायकोने समजावल्याशिवाय कळणार नाहीत. 'ईट बुलागा' 1979 पासूनचा दुपारचा कार्यक्रम, तो जुना शोधून बघण्यात अर्थ नाही, तो रोजचा होता, जेवणाबरोबर बघायचा होता. तुमची बायको नव्वदच्या दशकात लहान असेल तर तिला 'आंग टीव्ही' या मुलांच्या कार्यक्रमाबद्दल विचारा. बहुधा ती सगळं सोडून त्यातलं काहीतरी करूनच दाखवेल.

दर वाक्याला अर्थ विचारू नका. एक भाग सलग बघा, मग विचारा. आणि 'यात हसण्यासारखं काय आहे' हा प्रश्न तर अजिबात नको. आमच्या घरात तो रोज विचारला जायचा, आणि शेवटी आईने दादा घरात असताना टीव्ही लावणंच बंद केलं होतं. बुम्बाय आला की मात्र थांबवा आणि हे तुम्हाला कसं लागतं ते तिला सांगा. तिला बहुतेक माहीत नसेल.