वाचकांचे प्रश्न : एक्झॉस्ट नवा आणि दिवा पिवळा

प्रश्न : पेट्रोल गाडीचा मूळ मॅनिफोल्ड (सिलिंडरांतला धूर एकत्र करणारा एक्झॉस्टचा भाग) काढून त्याजागी बाहेरचा हेडर (त्याच कामाचा नळ्यांचा संच) बसवला. तिसऱ्या दिवशी चेक इंजिनचा दिवा लागला. स्कॅनर पी०१७१ हा कोड दाखवतो. सकाळी गाडी सुरू केल्यावर दोन-तीन मिनिटं टिकटिक ऐकू येते, मग थांबते. गॅरेजमध्ये पुढचा ऑक्सिजन सेन्सर बदलायला सांगताहेत. बदलावा का?

उत्तर : इतक्यात नको. निदान तुमच्याच पत्रात आहे : ती टिकटिक. हेडर थंड असताना फ्लँजपाशी (इंजिनला नटांनी जोडलेल्या सपाट पट्टीपाशी) फट राहते, तापून धातू फुगला की ती बरीचशी मिटते.

पी०१७१ म्हणजे मिक्स्चरमध्ये पेट्रोल कमी पडतंय, असा गाडीच्या कॉम्प्युटरचा समज. एक्झॉस्टचा दाब सलग नसतो, धक्क्याधक्क्याने येतो. दोन धक्क्यांच्या मधे तो क्षणभर बाहेरच्या हवेच्याही खाली जातो आणि फटीतून हवा आत ओढली जाते. सेन्सरला जास्तीचा ऑक्सिजन दिसतो, कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो. म्हणजे दिवा ‘पेट्रोल कमी’ म्हणतोय आणि प्लग मात्र काळे पडताहेत! नवा सेन्सर घातलात तर तोही हेच सांगेल.

फट शोधायची ती रात्रभर थंड झालेल्या इंजिनवर. हीट शील्ड काढून जोडांजवळ काजळीची रेघ दिसते का ते आधी बघा. मग इंजिन बंद ठेवूनच सायलेन्सरच्या तोंडात व्हॅक्यूम क्लीनरची हवा फेकणारी नळी धरा, भोवती फडका गुंडाळा आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी फवारा. बुडबुडे येतील तिथे फट. फ्लँज, वेल्डिंगचे सांधे आणि सेन्सरचा बुश (सेन्सर ज्यात आवळतात ते पाइपवर वेल्ड केलेलं कडं), तिन्ही तपासा. बुशच्या वेल्डमधली सुईएवढी भोकं हमखास नजरेतून सुटतात.

स्कॅनरवर शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म फ्यूएल ट्रिमची (कॉम्प्युटर किती टक्के पेट्रोल वाढवतो वा घटवतो, त्या आकड्यांची) बेरीज बघा. साधारण १० टक्क्यांच्या आत, अधिक वा उणे, असेल तर ठीक. आयडलला (गाडी उभी, पाय ॲक्सिलरेटरवर नसताना) अधिक २० आणि २५०० आरपीएमला अधिक ५ असं दिसलं, तर कुठून तरी हवा शिरतेय. पण इनटेकची व्हॅक्यूम नळी निसटली तरी आकडे असेच येतात. हेडर बसवताना तिला धक्का लागू शकतो, तेव्हा तीही बघा.

जोड पुन्हा बसवताना पॅकिंग नवंच घ्या. एकदा दाबलेलं पॅकिंग दुसऱ्यांदा नीट बसत नाही. हेडरची फ्लँज वेल्डिंगमध्ये वाकलेली असू शकते. तिच्यावर सरळ पट्टी ठेवा, ०.२ मिमीचं फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) खालून सहज सरकलं तर फ्लँज घासून सपाट करून घ्या. नट मधून बाहेरच्या बाजूला, दोन-तीन टप्प्यांत, मॅन्युअलमधल्या टॉर्कनेच (तिथे दिलेल्या जोराइतकेच) आवळा. गाडी चार-पाच वेळा तापून निवल्यावर थंड इंजिनवर पुन्हा टॉर्क तपासा. साधं सिलिकॉन मात्र अजिबात लावू नका. त्याची वाफ सेन्सरवर बसते आणि मग तो खरोखरच बदलावा लागतो.

प्रश्न : मी फक्त मागचा सायलेन्सर बदलला. तिथे एकही सेन्सर नाही, तरी दिवा लागला. कोड पी०१४१.

उत्तर : हा मागच्या, म्हणजे कॅटनंतरच्या (कॅट = धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर), ऑक्सिजन सेन्सरच्या हीटर सर्किटचा कोड आहे. सायलेन्सर निर्दोष आहे; काम करताना वायर ताणली गेली किंवा क्लिपमधून सुटून गरम पाइपला टेकली, हीच शक्यता मोठी. आधी फ्यूज बघा, मग वायर हाताने चाचपत कनेक्टरपर्यंत जा. कनेक्टर सोडवून सेन्सरच्या बाजूला हीटरच्या दोन तारांमध्ये मल्टिमीटर लावा. चार तारांच्या नेहमीच्या सेन्सरमध्ये या दोघींचा रंग एकच असतो, बहुधा पांढरा. थंड असताना काही ओहम दिसले तर हीटर शाबूत, अनंत दिसलं तर आतली तार तुटली. तुटलेली तार डाग देऊन जोडू नका. पुष्कळ सेन्सर तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा तारेच्या आवरणातून घेतात आणि डागाने ती वाट बंद होते. क्रिंप करा, म्हणजे धातूच्या नळीत दाबून जोडा.

प्रश्न : हाय-फ्लो कॅट बसवल्यापासून पी०४२० येतो. मागच्या सेन्सरखाली स्पेसर (त्याला पाइपपासून थोडा बाहेर धरणारा तुकडा) टाकला की दिवा जातो म्हणे?

उत्तर : दिवा जाईल, धूर तसाच राहील. पी०४२० म्हणजे कॅट नीट काम करत नाही, असा कॉम्प्युटरचा निष्कर्ष. मूळ कॅटमध्ये दर चौरस इंचाला बहुधा ४०० किंवा ६०० छिद्रं असतात, हाय-फ्लोमध्ये अनेकदा २००. पृष्ठभाग कमी, ऑक्सिजन साठवायची ताकदही कमी. चांगला कॅट असेल तर मागच्या सेन्सरची रेषा ०.६ ते ०.७ व्होल्टजवळ जवळजवळ सपाट राहते. ती ०.१ ते ०.९ अशी झपाझप वरखाली होऊ लागली, तर कॅट काम करत नाही हे कॉम्प्युटरने बरोबर ओळखलंय. इंजिन पुरतं तापवून २५०० आरपीएमवर तीन मिनिटं ही रेषा बघा. दोन्ही सेन्सरांच्या मधे फट असली तरी हाच कोड येतो, म्हणून वरची साबणाची चाचणी इथेही करा. कॅट मूळ जागेहून मागे सरकलाय का? त्याला काम सुरू करायला २५० ते ३०० अंश सेल्सियस लागतात; इंजिनपासून लांब गेला की तापायला उशीर होतो. स्पेसर आम्ही सुचवत नाही. पुढे कॅट खरंच गेला तरी कळणार नाही, आणि बऱ्याच देशांत हा गुन्हाही आहे. तुमच्या इंजिनसाठी बनवलेला, जास्त छिद्रांचा कॅट घ्या.

प्रश्न : व्ही-६ इंजिनला दोन्ही बाजूंचे हेडर बदलले. पी०१७१ आणि पी०१७५ एकदमच आले, इंजिन अडखळतं.

उत्तर : एका बँकेला (व्ही-इंजिनच्या एका बाजूच्या सिलिंडरांना) पेट्रोल कमी, दुसरीला जास्त, तेही एकाच वेळी? पुढच्या सेन्सरांचे कनेक्टर उलटसुलट लागलेत. एका बाजूचं मोजमाप बघून कॉम्प्युटर दुसऱ्या बाजूचं पेट्रोल वाढवतो. मोजमाप जागचं हलत नाही, म्हणून तो आणखी वाढवतो. अदलाबदल करा, कोड पुसा. मात्र तोवर दिवा लुकलुकू लागला तर गाडी चालवू नका. ते मिसफायरचं लक्षण, आणि न जळलेलं पेट्रोल कॅटला आतून वितळवतं.