गच्चीवरचा वारा आणि उभ्या आसाची पवनचक्की

प्रश्न : आमची सात मजली इमारत घणसोलीत खाडीच्या बाजूला आहे. जून लागला की गच्चीवर इतका वारा सुटतो की एका चादरीला चार-चार चिमटे लावावे लागतात. एका विक्रेत्याने आम्हाला दीड मीटर व्यासाची, दोन मीटर उंचीची, उभ्या आसाची १ किलोवॉटची पवनचक्की सुचवली आहे. तिच्यावर सोसायटीचा ५ अश्वशक्तीचा पाण्याचा पंप चालेल, असे त्याचे म्हणणे आहे. सर्वसाधारण सभेपुढे हा विषय ठेवावा का?
– सोसायटीचे सचिव, घणसोली, नवी मुंबई

उत्तर : विषय जरूर ठेवावा, मात्र यंदाचा ठराव गच्चीवरचा वारा मोजण्याचा असावा आणि खरेदीचा विचार त्यानंतर व्हावा, असे आम्ही आग्रहाने सुचवतो.

यंत्राच्या पाटीवर लिहिलेला १ किलोवॉट हा आकडा ठरावीक वेगाच्या वाऱ्यासाठी असतो. लहान पवनचक्क्यांच्या बाबतीत तो वेग बहुधा सेकंदाला ११ ते १२ मीटर, म्हणजे ताशी ४० किलोमीटरच्या आसपास धरलेला असतो. वाऱ्यातील शक्ती त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते, त्यामुळे वेग निम्मा झाला की शक्ती निम्मी न होता एक-अष्टमांश होते. सेकंदाला १२ मीटर वाऱ्यात १,००० वॉट देणारे यंत्र ६ मीटरच्या वाऱ्यात सुमारे १२५ वॉट देईल आणि ३ मीटरच्या वाऱ्यात जेमतेम १५ वॉट. तेवढा वारा अहोरात्र वाहिला, तरी दिवसाकाठी एक-तृतीयांश युनिटच्या आसपासच वीज हाती येते. आपला पंप तासभर चालला तरी जवळजवळ ४ युनिट वीज घेतो.

येथे एक बारकावा आहे, आणि तो पवनचक्कीच्या बाजूचा आहे. सतत ३ मीटरने वाहणारा वारा आणि अर्धा दिवस ६ मीटरने वाहून उरलेला अर्धा दिवस पडलेला वारा यांची सरासरी एकच असली, तरी दुसऱ्या प्रकारात मिळणारी ऊर्जा चौपट असते. म्हणूनच ‘सरासरी वेग इतका’ एवढ्या माहितीवर निर्णय घेता येत नाही, तासातासाची नोंद लागते. आपल्याकडे नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचा जोर जून ते सप्टेंबर असतो आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात पानही हलत नाही असे दिवस येतात, हे ध्यानात घेता केवळ जुलैतील चादरींवरून वर्षाचा हिशेब मांडणे धोक्याचे ठरेल.

उभ्या आसाच्या यंत्रांचे गुण खरे आहेत. वारा कोणत्याही दिशेने आला तरी यंत्राला तोंड फिरवावे लागत नाही, आणि जनित्र खाली बसवता येत असल्याने देखभाल सोपी पडते. यांत दोन मुख्य घराणी आहेत. फिनलंडच्या साव्होनियस यांच्या रचनेत उभ्या चिरलेल्या पिंपासारखी दोन अर्धगोल पाती असतात. ती मंद वाऱ्यातही आपसूक फिरू लागतात, पण वीज कमी देतात. फ्रान्सच्या दारिये यांनी पेटंट घेतलेली बारीक, विमानाच्या पंखासारख्या छेदाची पाती अधिक कार्यक्षम असतात, मात्र त्यांना सुरुवातीला अनेकदा ढकलावे लागते. शिवाय प्रत्येक फेरीत पात्यावरचा वाऱ्याचा कोन बदलत राहतो, त्यामुळे जोर एकसारखा न बसता धक्क्याधक्क्याने बसतो. कॅनडातील क्वेबेक प्रांतात काप-शा येथे उभारलेले ११० मीटर उंचीचे प्रचंड दारिये यंत्र १९९३ मध्ये थांबले, ते तळाच्या बेअरिंगच्या बिघाडामुळे. आपल्या गच्चीवर हेच धक्के खांबातून स्लॅबमध्ये उतरतील आणि वरच्या मजल्यावरील घरांत रात्री घरघर ऐकू येईल. खाडीच्या खाऱ्या हवेत बोल्ट आणि बेअरिंग लवकर गंजतात, ते वेगळेच.

आता गच्चीविषयी. भिंतीवर आदळलेला वारा वर चढतो, कठड्यावरून सुटतो आणि त्यामागे भोवरे तयार होतात. हे डोळ्यांनी पाहता येते. लांब बांबूला हातभर अंतरावर सुती कापडाच्या पट्ट्या बांधून तो गच्चीच्या मध्यावर उभा धरावा. खालच्या पट्ट्या कधी वर, कधी मागे अशा गरगरतील, तर वरच्या एका दिशेला ताठ फडफडतील. ज्या उंचीपासून पट्टी ताठ राहते, त्याच्याही वर यंत्र बसले पाहिजे. तेवढा खांब पेलण्यास स्लॅब समर्थ आहे का, याचा दाखला स्ट्रक्चरल अभियंत्याकडून घ्यावाच. (रबाळे-महापे परिसरातील कारखान्यांच्या छपरांवर गरगर फिरणारे गोल पंखे पाहून अनेकांचा समज होतो की ती पवनचक्कीच आहे. ते गरम हवा बाहेर काढणारे व्हेंटिलेटर असतात.)

वीजबिल कमी करणे हाच हेतू असेल, तर आमचे स्पष्ट मत सौर पॅनेलच्या बाजूने आहे. सुमारे १० चौरस मीटर जागेतील १ किलोवॉटची पॅनेल वर्षाच्या सरासरीने दिवसाला ४ युनिटच्या आसपास वीज देतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्य घर’ योजनेत गृहनिर्माण सोसायट्यांना सामायिक वापरासाठी किलोवॉटमागे १८,००० रुपये अनुदानाची तरतूद आहे. पावसाळ्यात पॅनेलची वीज घटते आणि नेमका तेव्हाच वारा वाढतो. त्यामुळे मोजणी अनुकूल निघाली, तर बॅटरीला जोडलेली लहान पवनचक्की पहारेकऱ्याच्या खोलीतील आणि जिन्यातील दिव्यांपुरती उपयोगी पडू शकेल.

वाऱ्याचा वेग मोजून त्याची नोंद ठेवणारे कप ॲनेमोमीटर यंत्राच्या नियोजित उंचीवरच बसवावे आणि ते पूर्ण वर्षभर ठेवावे. विक्रेत्याकडून ३, ४, ५ आणि ६ मीटर वेगाला मिळणाऱ्या वॉटचे आकडे लेखी मागावेत आणि आपल्या तासवार नोंदींशी ते ताडून पाहावेत. असे आकडे देण्याची त्याची तयारी नसेल, तर बोलणी तेथेच थांबवावीत.